खिडकीबाहेरचा विलास

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलाखती घेत होतो. आमच्या विभागातल्या एका प्रकल्पावर पोस्ट-डॉक्टरल फेलोची, म्हणजे पीएच.डी. झालेल्या संशोधकाची, एक तात्पुरती जागा भरायची होती. प्रकल्प माझा, त्यामुळे समितीत मी होतोच. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईल थरथरत सरकला आणि चहाच्या कपाला जाऊन टेकला. व्हरांड्यात जाऊन घेतला तर विलासचा मेहुणा बोलत होता. ‘‘सर, दाजी गेले.’’ सकाळी गारगोटीची एसटी गाठायची म्हणून तो घरातून निघाला, उंबऱ्यात चपला घालायला वाकला आणि तिथंच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ‘‘तुम्ही येतासा न्हवं?’’ मेहुण्यानं विचारलं. मी ‘येतो’ म्हणालो आणि परत आत जाऊन बसलो. दोन उमेदवार बाकी होते. त्या दोन्ही मुलाखती मी घेतल्या, मगच निघालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण विलासवर लिहायला बसल्यापासून माझी लेखणी त्या दोन मुलाखतींपाशी येऊन अडते आहे. त्यातल्या दुसऱ्या मुलाखतीबद्दल मला शेवटी सांगायचंच आहे.

या पुरवणीच्या वाचकांना डॉ. विलास सनदी हे नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. त्याच्या नावाची पाटी कुठल्याही दारावर कधी लागली नाही. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत त्याच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती, आत बुद्धवंदना चालली होती. त्याची आई दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, ‘‘आलासा? बसा.’’ मी खाली बसलो. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, ‘‘आता तरी सुटला बघा त्यो तुमच्या त्या विद्यापीठातनं.’’ त्या बोलण्यात राग नव्हता. शेजारणीला सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मला मात्र त्यानंतर तिथं मान वर करून बसता आलं नाही.

आमची ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही दोघं एकाच सरांकडं पीएच.डी.ला लागलो. मी गारगोटीचा, शेतकऱ्याच्या घरातला, वसतिगृहात राहणारा. तो गडमुडशिंगीहून सायकलवरून यायचा. त्याचे वडील उचगावच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होते आणि हाताची सफाई त्यानं त्यांच्याकडूनच घेतली असावी. आमचं काम होतं पातळ थरांचं. काचेच्या पट्ट्या एका रासायनिक द्रावणात बुडवून ठेवायच्या, द्रावण हळूहळू तापवायचं, म्हणजे काचेवर हळदीसारखा पिवळा, केसाहूनही पातळ असा थर बसतो. पुढं सौर घटात वगैरे त्याचा उपयोग. ऐकायला सोपं, पण काच स्वच्छ नसेल तर थर कुठं धरतो, कुठं सोलून निघतो आणि सगळा दिवस वाया जातो. त्यामुळे या कामात निम्मं आयुष्य काचा धुण्यात जातं. आम्ही बाकीचे आधी साबणानं, मग ॲसिडनं, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं धुऊन मोकळे व्हायचो. विलास त्यानंतर पट्टी तोंडासमोर धरायचा आणि तिच्यावर ‘हा’ करायचा. आरसा पुसताना करतो तसा. श्वासाची वाफ काचेवर सगळीकडं सारखी धरली आणि सारखीच उडाली तर काच स्वच्छ. कुठं ठिपका राहिला, कड आधी सुकली, तर पहिल्यापासून सुरुवात. ही काही त्याची युक्ती नव्हे, जुन्या पुस्तकांतही ती असते. पण ती रोज, प्रत्येक पट्टीला करणारा माणूस मी एकच पाहिला. ‘‘देसाई, घाण हाय. परत धू,’’ हे त्याचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही ते मला माझ्या नावासारखंच वाटतं.

पीएच.डी. दोघांचीही जवळपास एकदमच झाली. मग आम्ही सरांच्याच प्रकल्पावर पोस्ट-डॉक झालो. हा प्रकार घरच्यांना समजावणं थरांच्या शास्त्राहून अवघड होतं. शिक्षण संपलेलं, पण नोकरी लागलेली नाही. महिन्याला पैसे येतात, पण त्याला पगार म्हणायचं नाही. विलासचं लग्न ठरताना मी त्याच्या बाजूनं बैठकीला गेलो होतो. त्याचे होणारे सासरे साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘कायम हाय का हंगामी?’’ विलास म्हणाला, ‘‘प्रकल्प असंल तंवर.’’ सासरे हसले. ‘‘म्हंजे आमच्यागतच की. गाळप संपलं की घरी.’’ सगळी बैठक हसली, विलास सगळ्यात जास्त हसला आणि लग्न ठरलं. सुनंदा वहिनींनी पुढं कितीतरी वर्षं त्याला त्याच शब्दांत छेडलं. ‘‘काय हो, यंदाचं गाळप कवापतुर?’’

आमचे नेमणुकीचे आदेश अकरा महिन्यांचे असत. ते संपले की मधे एक-दोन दिवसांचा खंड आणि मग नवा आदेश. सलग नोकरी झाली असं कुणी उद्या म्हणू नये, यासाठीची ही व्यवस्था. खंडाच्या दिवशी तुम्ही विभागाचे कुणी नसता. हजेरीपटावर सही नाही, प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. माझा खंड असला की मी वसतिगृहात दुपारपर्यंत झोपायचो. विलास मात्र खंडाच्या दिवशीही नेहमीच्या वेळेला सायकलवरून यायचा, आत न येता इमारतीला वळसा घालायचा आणि आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर, गवतात उभा राहायचा. ‘‘नियम म्हंजे नियम. आत येत न्हाय,’’ म्हणायचा. खिडकीच्या गजांमधून तो आत बघायचा आणि मी आत त्याचा प्रयोग करायचो. द्रावण गढूळ व्हायला लागलं की त्याला बाहेरून कळायचं. ‘‘काढ, काढ आता... अरं मर्दा, चिमट्यानं काढ!’’ काच धुऊन झाली की मी ती खिडकीशी धरून तिच्यावर ‘हा’ करायचो. त्याच्या मागून उजेड काचेवर पडत असल्यामुळं वाफेतला बारीकसा डागही त्याला बाहेरून दिसायचा, जो मला आतून दिसत नसे. ‘‘डाव्या कोपऱ्यात ऱ्हायलंय. परत धू.’’ शिपाई जाता-येता म्हणायचा, ‘‘काय सनदी सर, आज पाहुणं व्हय तुम्ही?’’ आणि विलास म्हणायचा, ‘‘आजच्यापुरतं पावणं. च्या तरी आना की मग.’’ त्याला खिडकीतून चहा दिला जायचा. आम्हाला ही सगळी गंमत वाटायची. खंडाचा दिवस हा विभागातला एक सणच होता म्हणा ना.

मग व्याख्यात्याच्या एका जागेची जाहिरात निघाली. कायम जागा, खुल्या वर्गातली. त्या आधी कितीतरी दिवस तसली जाहिरात आम्ही पाहिली नव्हती. आम्ही दोघंही पात्र होतो. कामाच्या बाबतीत तुलना करायची तर विलासचे शोधनिबंध माझ्यापेक्षा जास्त होते आणि माझ्या काही निबंधांतले थरही त्याच्या हातचे होते. हे मला तेव्हाही माहीत होतं. सरांनी आम्हाला दोघांना खोलीत बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. विलासच्या वडिलांच्या आजारपणात ते दवाखान्यात जाऊन बसले होते. ते म्हणाले, ‘‘एकच जागा आहे. तुम्ही दोघंही बसलात तर मलाच एकाला डावलावं लागेल. देसाईला यातून जाऊ दे. विलास, तुझी राखीव जागा पुढच्या जाहिरातीत येतेच आहे. तिथं तुला अडवणारं कोण आहे?’’ विलास माझ्याकडं बघत राहिला, दोन क्षण असेल. मी म्हणालो, ‘‘तुझी येणारच की रे.’’

एवढंच. याहून वेगळं काही घडलं नाही. कुणी कागद दडवला नाही, कुणी वशिला लावला नाही. खुली जागा म्हणजे सगळ्यांसाठी खुली, ज्याचं काम चांगलं त्याची, हे त्या खोलीतल्या तिघांनाही पाठ होतं. तरी खुली म्हणजे देसाईची आणि राखीव म्हणजे सनदीची, अशी वाटणी आम्ही इतक्या सहज केली की ती वाटणी आहे हेसुद्धा मला वाटलं नाही. उलट आपण मित्राला धीर दिला असंच मला वाटलं. बाहेर आल्यावर विलास म्हणाला, ‘‘येईल की. जाईल कुठं?’’ त्यानं अर्ज केला नाही. माझी निवड झाली तेव्हा विभागात पेढे त्यानंच वाटले. मला हार घालताना कानात म्हणाला, ‘‘आता तरी काचा नीट धू.’’

ती पुढची जाहिरात आली नाही. आधी भरतीवर बंदी आली, मग कुठली जागा कुठल्या वर्गाला यावरून कागद वर-खाली फिरत राहिले, मग पुन्हा बंदी. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, यंदा नक्की. विलास एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर जात राहिला. फेलो, मग असोसिएट, मग पुन्हा फेलो. माझं प्रोबेशन संपलं, मी विद्यापीठाच्या जवळच घर बांधलं, मला विद्यार्थी मिळाले. खंडाच्या दिवशी तो अजूनही खिडकीबाहेर उभा राहायचा, पण आता आत उभा असलेला मी कायम होतो आणि ती गंमत कधी संपली ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा मी त्याला म्हणालो, ‘‘आत ये रे, कोण बघतंय?’’ तो म्हणाला, ‘‘तू बघतोयस की.’’ आणि बाहेरच राहिला.

दोन हजारनंतर आमच्याकडची बरीच मुलं पोस्ट-डॉकसाठी कोरियाला जाऊ लागली. विलासलाही तिथल्या एका प्रयोगशाळेनं बोलावलं. तो जाईना. आपण तिकडं असताना इकडं जाहिरात निघाली तर काय, हे त्याच्या डोक्यात होतं. मी त्याच्या मागं लागलो. जा, पैसे मिळतील, नाव होईल, असं रोज सांगायचो. एकदा तो चिडला. ‘‘मी गेलो की तुला बरं वाटंल, म्हणून सांगतोयस न्हवं? खरं सांग.’’ मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. व्हरांड्यात तो समोरून आला की मला चोरट्यासारखं व्हायचं आणि तो हजारो मैल लांब गेला तर ते थांबेल, असं मला खरोखरच वाटत होतं. शेवटी तो गेला. तिथल्या लोकांना तो आवडला, मुक्काम वाढवून देत होते. पण वडील अंथरुणाला खिळले आणि तो परत आला. येताना माझ्यासाठी काच धरायचा एक चिमटा घेऊन आला. म्हणाला, ‘‘तिकडं काचा धुवायला मशीन हाय मर्दा. आन् तरीबी म्हातारा प्रोफेसर शेवटी ‘हा’ करूनच बघतोय!’’ त्याला त्याचा कोण आनंद झाला होता.

परतल्यावर मात्र सगळं आटत गेलं. पोस्ट-डॉकच्या जागांना वयाची अट असते आणि तो तिच्या पलीकडं गेला होता. ती अट घातलेल्या एका जाहिरातीचा मसुदा मीच तयार केला होता, कारण तो नेहमी तसाच असतो. मग त्यानं तासिका तत्त्वावर शिकवायला सुरुवात केली, म्हणजे जितके तास घ्याल तितक्यांचेच पैसे. तेही कुठं, तर माझ्या गावाला, गारगोटीला. मी गारगोटी सोडून कोल्हापूरचा झालो आणि विलास रोज एसटीनं गारगोटीला जाऊ लागला. माझ्या चुलतभावाचा मुलगा त्याच्या वर्गात होता. तो मला म्हणाला, ‘‘काका, सनदी सरांसारखं कोण शिकवत न्हाय. पण ते कायम का न्हाईत ओ?’’ मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरंच आहे.

दर शनिवारी गारगोटीहून परतताना तो विभागात डोकवायचा. गेल्या उन्हाळ्यातल्या अशाच एका शनिवारी मी हिंमत केली. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, ‘‘विलास, सरांच्या खोलीत त्या दिवशी मी जे बोललो...’’ त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी वाळत ठेवलेल्या काचा तो एकेक उचलून बघत होता, बघता बघताच म्हणाला, ‘‘हे बघ, तू माफी मागणार. मग मला ‘असू दे’ म्हणावं लागणार. मी ‘असू दे’ म्हटलं की तुझं काम झालं. माझं काय?’’ त्यानं पुढची काच उचलली. ‘‘आन् मी काय लहान होतो व्हय? अर्ज करायला माझा हात कुणी धरला हुता? मलाबी वाटलं, ही देसाईची, ती माझी. तुमचं ऐकून न्हवं, मलाच वाटलं... त्याचा राग येतोय मला.’’ मी विचारलं, ‘‘मग मी काय करू?’’ त्यानं हातातली काच माझ्यापुढं धरली. ‘‘पोरांच्या काचा बघत जा. ही बघ, घाण हाय.’’ आणि थोड्या वेळानं, पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाला, ‘‘पुढं कदी खुल्या जागंला आमच्यातलं कोण आलं, तर त्याला ‘थांब’ म्हणू नको. तेवढं कर. बाकी ऱ्हाऊ दे.’’ त्यानंतरही तो दोन-तीन शनिवारी आला. पण आम्ही नीट बसून बोललो ते तेवढंच.

आता त्या दुसऱ्या मुलाखतीबद्दल. फोन येऊन गेल्यावर जी शेवटची उमेदवार आत आली, ती उचगावची होती. पीएच.डी. झालेली, काम चोख, प्रश्नांची उत्तरं नेमकी. येत नव्हतं ते येत नाही म्हणाली. ती बाहेर गेल्यावर आम्ही गुण जुळवले तर तिचे सगळ्यांत जास्त होते. तिचं आडनाव आणि अर्जातला प्रवर्ग बघून समितीतले एक ज्येष्ठ सहकारी अगदी आपुलकीनं म्हणाले, ‘‘मुलगी चांगली आहे. पुढच्या प्रकल्पात राखीव जागा येतेच आहे, तिथं हिची सोय होईल. या जागेवर त्या आधीच्या मुलाला घेऊ, म्हणजे दोघांचंही भलं होईल.’’ आवाज वेगळा, खोली वेगळी, पण ते वाक्य मला ओळखीचं होतं. त्या वाक्यात दुष्टपणा नसतो, म्हणूनच ते इतकं टिकतं. खिशात मोबाईल होता आणि त्यात तो फोन. मी म्हणालो, ‘‘जागा खुली आहे आणि पहिली ही आहे. हिलाच घ्यायचं.’’ सहकाऱ्यांनी मान डोलावली. कुणी वाद घातला नाही. पुढचा कागद आला, सह्या झाल्या आणि समिती उठली.

मी विलाससाठी काही केलं असं यातून कुणी समजू नये. तिचे गुण जास्त होते, त्यामुळं दुसरं काही करायचं कारणच नव्हतं. मला जे जाळत आलं आहे ते वेगळंच आहे. एका वाक्याचं काम होतं. म्हणायला श्वास पुरेल एवढं वाक्य, आणि ऐकल्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. सरांच्या खोलीतही कुणी केलं नसतं, असं मला आता वाटतं. गडमुडशिंगीला जाताना गाडीत मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, पण ते ज्याच्यासाठी म्हणायचं तो घरात झोपवलेला होता.

गेल्या आठवड्यात ती मुलगी रुजू झाली. तिचा आदेशही अकरा महिन्यांचाच आहे. तो बदलणं माझ्या हातात नाही. पहिल्याच दिवशी तिनं काचा धुतल्या आणि मला दाखवायला आणल्या. मी तिला ‘हा’ करून बघायला सांगितलं. तिला ते माहीत होतं, पण कंटाळ्यानं सोडून दिलं होतं म्हणाली. तिनं काच तोंडासमोर धरली, वाफ धरली, उडाली. ‘‘ठीक आहे ना सर?’’ मी जवळून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, मला सांगता येईना. मग तिला म्हणालो, खिडकीशी उभ्या राहा. मी बाहेर पडलो, व्हरांडा उतरलो, इमारतीला वळसा घातला. तिथलं गवत आता कुणी तुडवत नाही, ते गुडघ्यापर्यंत वाढलं आहे. खिडकीखालची, चहाचा कप ठेवून ठेवून गोल डाग पडलेली कड तेवढी तशीच आहे. गजांच्या आत ती मुलगी गोंधळून माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, ‘‘करा आता.’’ तिनं ‘हा’ केलं. माझ्या मागून उजेड होता. वाफ सगळीकडं धरली आणि डाव्या कोपऱ्यातला एक लहानसा ठिपका मोकळा राहिला.

‘‘घाण आहे,’’ मी म्हणालो. ‘‘परत धुवा.’’